पत्र्याची साक्ष

सव्वीस वर्षं मी वर्तमानपत्रात बसून दुसऱ्यांच्या चुका काढतो आहे. खिशात पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी असते, म्हणून कचेरीत मला ‘फुटपट्टी’ म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. या सव्वीस वर्षांत माझ्या लिखाणाबद्दल एकही खुलासा छापावा लागलेला नाही. ‘अनवधानाने चूक झाली’ हे वाक्य मी इतरांसाठी शेकडो वेळा लिहिलं, स्वतःसाठी एकदाही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची सोय राहणार नाही.

रविवारच्या पुरवणीत जुन्या चित्रपटांवर माझं सदर असतं. वर माझा फोटो, खाली मी. परवा एका कंपनीने एका जुन्या चित्रपटाची नवी डिस्क काढली. नाव सांगत नाही, त्यांचे वकील अजून नोकरीत आहेत. एका घड्याळजीची गोष्ट आहे. लहानपणी आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या थिएटरात मी ती अकरा वेळा पाहिली होती. त्यामुळे डिस्क लावताना मी बायकोला म्हणालो, “बस. आता तुला खरा सिनेमा दाखवतो.”

चित्र सुरू झालं आणि माझं डोकं फिरलं. पडद्याच्या मधोमध चौकोनी डब्यासारखं चित्र, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. माझ्या आठवणीतला सिनेमा चांगला ऐसपैस, आडवा होता. यांनी त्याचं पोस्टाचं तिकीट करून टाकलं होतं.

“दिसतंय की नीट,” बायको म्हणाली. “पाय पण दिसताहेत सगळ्यांचे.”

“पाय दिसता कामा नयेत! मूळ चित्रात पाय नाहीत.”

“मग ती माणसं चालतात कशी?”

मी पडद्याकडे बोट दाखवलं. कारण एव्हाना शेवटचा प्रसंग आला होता. घड्याळजी बाकावर बसतो, खाली बघतो आणि रडतो. का रडतो, ते दिग्दर्शक सांगत नाही. तो शून्याकडे बघून रडतो. या शून्यावर मी आजवर तीन लेख लिहिले आहेत आणि एक व्याख्यान दिलं आहे. ‘दिग्दर्शकाचा संयम’ हा शब्दप्रयोग माझा आहे.

या डिस्कवर त्याच्या पायाशी एक उघडी पेटी होती. पेटीत त्याने नायिकेला लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा. सगळी न फोडता परत आलेली.

“अरेरे,” बायको म्हणाली, “सगळी पत्रं परत पाठवली की हो तिने. म्हणून रडतोय बिचारा.”

“म्हणून नाही रडत! तो शून्याकडे बघून रडतो.”

“अहो, पेटीकडे बघतोय.”

मी टीव्ही बंद केला आणि लिहायला बसलो. लेखाचा मथळा होता ‘पाय दाखवण्याचा हव्यास’. चित्राची रुंदी भागिले उंची, असं एक प्रमाण असतं. कंपनीने ते एक पॉइंट सदतीस ठेवलं होतं. खरं प्रमाण एक पॉइंट पंच्याऐंशी असल्याचं मी लिहिलं. जो भाग प्रेक्षकांनी बघायचाच नव्हता तो यांनी उघडा पाडला, एका महान कलाकृतीचा संयम सुटला, वगैरे. लेख चांगला झाला होता. अजूनही चांगला वाटतो.

तो रविवारी छापून आला आणि गुरुवारी कंपनीचं पत्र आलं. दोनच ओळी होत्या. ‘आमच्याकडे मूळ निगेटिव्ह आहे. आपल्याकडे काय आहे?’

खाली वकिलाची सही होती. संपादकांनी मला आत बोलावलं.

“फुटपट्टी, काय आहे आपल्याकडे?”

“माझी आठवण आहे.”

“आठवण छापता येत नाही. शनिवारी चार वाजता पान छपाईला जातं. तोवर पुरावा आण, नाहीतर या रविवारी खुलासा. तुझ्या नावाने, तुझ्या फोटोसकट.”

माझ्या नावाने खुलासा! सव्वीस वर्षांनी! मी त्या रात्री जेवलो, पण चवीने नाही.

ते थिएटर पाडून तिथे आता गाद्यांचं दुकान झालं आहे. पण तिथले प्रोजेक्टर चालवणारे काका हयात असल्याचं गादीवाल्याकडून कळलं. शनिवारी दुपारी अडीचला मी त्यांच्या मुलीच्या घरी पोचलो. काका खिडकीशी बसून एका घड्याळाचं झाकण पुसत होते. वय ऐंशीच्या पुढचं, पण बोलणं खणखणीत.

“घड्याळजीचा ना? अडुसष्ट खेळ चालवले मी त्याचे.”

“काका, चित्राचा आकार आठवतो का?”

“आठवायचं कशाला? पत्रा आहे ना.”

त्यांनी कपाटातून एक डबा काढला. प्रोजेक्टरमध्ये फिल्मच्या मागे एक पत्रा बसवतात. त्याला चौकोनी खिडकी असते, आणि त्या खिडकीतून जेवढं येईल तेवढंच चित्र पडद्यावर पडतं. त्या थिएटरचा तो पत्रा त्यांनी चाळीस वर्षं जुन्या रुमालात गुंडाळून ठेवला होता.

मी खिशात हात घातला. पट्टी काढली. रुंदी एकवीस मिलिमीटर. उंची सव्वाअकरा आणि साडेअकराच्या मध्ये. भागाकार केला. एक पॉइंट पंच्याऐंशी.

खिडकीच्या कडा जरा खडबडीत होत्या, हे मी पाहिलं. नोंद घेतली नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी संपादकांना फोन केला. “पुरावा हातात आहे. पत्र्याचा फोटो पाठवतो. ‘पत्र्याची साक्ष’ असा मथळा लावा, आणि कंपनीला विचारा, आता काय आहे तुमच्याकडे?”

मग चहा आला. मी पाय लांब केले.

“फार जपलात हो पत्रा,” मी म्हणालो.

“जपणार नाही तर काय? माझ्या हातचा आहे तो.”

“हातचा म्हणजे?”

“मालकाने पुढे खुर्च्यांच्या दोन रांगा वाढवल्या. मग पुढच्यांची डोकी पडद्यावर यायला लागली. मालक म्हणाला, पडदा खालून दुमडा. दुमडला. मग चित्र खाली भिंतीवर सांडायला लागलं. मी नवा पत्रा घेतला, छोटं भोक पाडलं, आणि दुमडलेल्या पडद्यापर्यंत चित्र पोचेस्तोवर कानस मारत बसलो. दोन दिवस लागले.”

कप माझ्या तोंडापाशीच थांबला.

“म्हणजे मूळ चित्र...”

“डब्यासारखं चौकोनी. पाय सगळ्यांचे कापले आम्ही. शेवटाला तर लोक शिट्ट्या मारायचे. हा रडतोय कशाला, म्हणायचे. खाली पत्रं आहेत हे मलाच ठाऊक. एकदा मी खोलीतून ओरडून सांगितलं, पत्रं आहेत, पत्रं! मालकाने एक दिवसाचा पगार कापला.”

मी संपादकांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये. पानं लावणाऱ्याला लावला. तो म्हणाला, “फुटपट्टी, आज तुझं पान वेळेआधी पाठवलं. खूश?”

रविवारी ‘पत्र्याची साक्ष’ छापून आली. मी चूक कबूल करणारच होतो. योग्य वेळेची वाट बघत होतो. बुधवारी संपादकांच्या टेबलावर काकांचं पत्र येऊन पडलं. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला. ‘लेख आवडला. माझ्या नातवंडांना वाचून दाखवला. मात्र कानशीचा उल्लेख राहून गेला आहे. चूक राहू नये म्हणून कळवतो.’

पुढच्या रविवारी खुलासा आला. पंचेचाळीस शब्द, ‘अनवधानाने’ हा शब्द धरून. वर माझा फोटो. तो पाहिला आणि मी तडक कचेरी गाठली. माझं कपाळ गायब होतं, हनुवटी गायब होती. भुवयांपासून ओठांपर्यंत एक आडवी चीप उरली होती.

“हा फोटो असा कोणी कापला?”

“मी,” पानं लावणारा म्हणाला. “खाली जाहिरात आली. जेवढी जागा होती तेवढा लावला.”

मी पट्टी काढून मोजला. किती भरला ते सांगत नाही. वाचकांना भागाकार येतो.

घरी आलो तर बायकोने खुलासा कापून फ्रिजवर चिकटवला होता. ती जरा मागे सरून, मान तिरकी करून बघत होती.

“छान आलाय हो,” ती म्हणाली. “संयमी वाटता.”