खोपीत शेवटी कोण?

तौनोची पाठपिशवी संशय यावा इतकी हलकी आहे, हे सिर्क्काच्या सकाळीच लक्षात आलं होतं. राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेला लागल्यापासून तिनं नवऱ्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारलं आणि प्रत्येक वेळी त्यानं बर्चची पिवळी पानं दाखवली. एरवी झाडांना पानं असतात याचाही या माणसाला पत्ता नसतो.

दुपार कलली, पाऊस लागला आणि ओढ्यापलीकडे लाकडी खोपी दिसली. झोपायला आत दोनच फळ्या. रानातल्या या खोप्यांना कुलूप नसतं, भाडं नसतं, फक्त एक रीत असते. सगळ्यात शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. आधी येऊन शेकून घेतलेल्यानं जागा सोडायची. मागच्या वर्षी तौनो आधी पोहोचला होता आणि ओल्या तंबूत झोपून कंबर धरून परतला होता. यंदा त्यानं डोकं चालवलं. बायकोला त्यानं झाडीमागे ओढलं.

"इथंच दबा धरून बसू. बाकीचे येऊन आत गेले की मग आपण."

"तंबू कुठंय, तौनो?"

"घरी. फळी मिळणारच म्हटल्यावर ओझं कशाला वाहायचं?"

सिर्क्कानं त्याच्या हलक्या पिशवीवर एकदा नजर टाकली. ती गप्प झाली की जपून राहावं, एवढं शहाणपण तौनोला इतक्या वर्षांच्या संसारातही आलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या खडकामागे लाल टोपी हलली. एक माणूस उकिडवा बसून खोपीच्या दाराकडे टक लावून बघत होता. "लबाड आहे लेकाचा. टपून बसलाय," तौनो पुटपुटला. आपली युक्ती दुसऱ्याला सुचावी याचा त्याला मनापासून राग आला.

तौनो दोन पावलं पुढं झाला, तसा टोपीवालाही उठला. तौनो लगेच बुटाची नाडी बांधायला वाकला. टोपीवाल्याचीही नाडी सुटली. मग तो भर पावसात रानातल्या बेरी वेचायचं सोंग करू लागला आणि तौनो दुर्बिणीतून धुक्याचं सौंदर्य न्याहाळू लागला. धूर दिसेल म्हणून चूल पेटवायची सोय नव्हती. दोघांनी गारढोण सॉसेज चावलं.

"बसा दोघं एकमेकांची राखण करत," म्हणत सिर्क्का उठली आणि सरळ खोपीत शिरली. धुराड्यातून धूर निघाला, पाठोपाठ कॉफीचा वास आला. टोपीवाल्यानं बराच धीर धरला, पण शेवटी तोही पळत आत गेला. तौनो मोजे पुरते भिजेपर्यंत थांबला आणि मगच विजयी वीरासारखा आत आला.

"मी शेवटचा. एक फळी माझी."

"दुसरी माझी," टोपीवाला म्हणाला. "मी यांच्यानंतर..." आणि तो मध्येच थांबला.

सिर्क्कानं कप खाली ठेवला. "म्हणजे बाहेर जायचं ते मी. रीत ती रीत." ती शांतपणे अंथरूण गुंडाळू लागली. "तंबू तेवढा दे, तौनो."

टोपीवाल्यानं एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी उचलली. "माझा तंबू आहे. मी आपला बाहेरच झोपतो. बाहेर जरा ऊब असेल."

तो गेला. तौनोनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि रिकाम्या फळीवर बूड टेकणार, तोच सिर्क्कानं तिच्यावर आपले ओले मोजे वाळत घातले. मग कोट पसरला. मग टोपी. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली.

तौनोनं दार उघडून पावसात हाक मारली, "ओ राव, तंबूत दोघं मावतील का हो?"