उलटे चालणारे कर्टिस-सान

आमच्या इमारतीतले कर्टिस-सान स्टेशनपर्यंत उलटे चालत जातात.

उलटे म्हणजे पाठ पुढे आणि तोंड मागे. गुडघे वाकवलेले, हात छातीशी, पावलं बारीक आणि भराभर. सहा फुटी, अठ्ठावन्न वर्षांचा, चकचकीत टकलाचा अमेरिकन माणूस नागोयाच्या एका निमूट गल्लीतून रोज सकाळी असा सरकत निघतो. पहिल्या आठवड्यात समोरच्या आजींनी पोलीस चौकीत कळवलं होतं. आता एखाद्या दिवशी ते दिसले नाहीत, तर त्याच आजी झाडू थांबवून मला विचारतात, की ते आजारी तर नाहीत ना.

मी त्यांची शेजारीण. बऱ्याचदा आम्ही बरोबरच निघतो, म्हणजे मी सरळ आणि ते उलटे. वाटेतल्या धोक्यांची घोषणा माझ्याकडे. इंग्रजीत सांगेपर्यंत अपघात घडून जातो, म्हणून मी मराठीतच ओरडते, "खांब!", "सायकल!" एवढे दोन शब्द त्यांना पक्के येतात. माझी मुलगी अशा वेळी दहा पावलं मागून चालते आणि घरी आल्यावर जपानीत सांगते, की आई, मला लाज वाटते. मला अजिबात वाटत नाही.

असं का चालता, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "गुडघ्यांना बरं असतं. आणि मला कोणाकडे पाठ करायची सवय नाही."

ही सवय कुठली ते सांगायला हवं. नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून इथे आले, जपानी शिकले, आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. या कंपनीचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो खेळ. आठवडाभर वेल्डिंग करायचं आणि शनिवारी आदळायचं. त्यासाठी अमेरिकेहून कोच आणला, तेव्हा दुभाषी कोण? साहेब म्हणाले, शुभांगी-सान भारतीय आहेत, त्यांना इंग्रजी येतं. खेळातलं काय येतं, असं त्यांनी विचारल्यावर मी शाळेत खो-खो खेळल्याचं सांगितलं. त्यांना ते पुरेसं वाटलं.

कर्टिस-सान तरुणपणी अमेरिकेत व्यावसायिक संघात कॉर्नरबॅक होते. म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्या डब्यातल्या दोन बेसनाच्या लाडवांवर समजावलं. हा लाडू म्हणजे समोरच्या संघातला सगळ्यांत चपळ गडी. त्याला लांबून आलेला बॉल झेलायचाय. हा दुसरा लाडू म्हणजे मी. तो पुढे धावणार, मी त्याच्यावर नजर ठेवून उलटा धावणार. त्याला बॉल मिळाला, की सगळं स्टेडियम माझ्याकडे बघतं. नाही मिळाला, तर मी होतो हेही कोणाला आठवत नाही. एवढं सांगून त्यांनी दोन्ही लाडू खाल्ले.

कॉर्नरबॅकला स्मरणशक्ती नसावी, हे त्यांचं तत्त्वज्ञान. चूक झाली? विसर. त्यांचा आवडता जपानी शब्द "त्सुगी", म्हणजे पुढचं. चहा सांडला, त्सुगी. चुकीच्या वारी प्लास्टिकचा कचरा बाहेर ठेवला आणि कचरावाले पिशवीला लाल चिठ्ठी लावून ती तशीच सोडून गेले, त्सुगी. आपल्या घटस्फोटाबद्दलही त्यांनी मला एवढंच सांगितलं आहे.

पण इथे विसरणं सोपं नाही. प्रत्येक सामन्यानंतर संघाची हान्सेइकाई असते. म्हणजे एकेकाने उभं राहून आपापल्या चुका कबूल करायची बैठक. पहिल्याच बैठकीत कर्टिस-सान म्हणाले, "सगळं विसरा." मी भाषांतर केलं. चाळीस जणांनी वह्या काढल्या, तारीख घातली, आणि "सगळं विसरायचं" असं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

या चाळिसांत किमुरा होता. रंगखात्यातला, अबोल, काटकुळा. कर्टिस-सानांनी त्याला तीन वर्षं घासून कॉर्नरबॅक बनवला. तो उलटा धावायला लागला, की ते माझं कोपर धरून म्हणायचे, "बघा, बघा." लेकराच्या पहिल्या पावलांचं करावं तसं.

गेल्या मोसमात वरच्या गटात जायचा सामना आम्ही शेवटच्या मिनिटाला हरलो. किमुराचा पाय घसरला आणि तो ज्याच्यावर नजर ठेवून होता, त्या समोरच्या गड्याने बॉल झेलला. संध्याकाळी कंपनीच्या सभागृहात हान्सेइकाई झाली. किमुरा उभा राहिला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "माझ्यामुळे हरलो. मी संघ सोडतो."

आता "त्सुगी" येणार म्हणून मी तयार होते. पण कर्टिस-सान खुर्चीतून उठले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चूक कबूल करणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहिले.

म्हणाले, तिसाव्या वर्षी मीही असाच एक बॉल सोडला. माझ्या हातापासून दोन बोटं वरून गेला. त्या दिवशी आई पहिल्यांदा माझा सामना बघायला आली होती, रात्रभर बसने प्रवास करून. बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बॉल कुठे गेला ते मी बघितलंच नाही. मी तुझ्याकडे बघत होते." ती आता नाही. तो बॉल मात्र मला रोज दिसतो. विसरा म्हणून तुम्हाला सांगत आलो, ते खोटं होतं. ही माझी चूक.

मी ते एकेक वाक्य जपानीत सांगितलं.

किमुराने हळूच विचारलं, "मग पुढच्या सामन्याला उतरलात?"

"उतरलो. काहीही न विसरता उतरलो."

किमुरा खाली बसला. थोड्या वेळाने त्याने वही काढली. संघ सोडायचा विषय पुन्हा काढला नाही.

मी आणि कर्टिस-सान कंपनीच्या फाटकाबाहेर पडलो. किमुरा सायकल बाजूला ठेवून निरोपाला उभा होता. इथली रीत अशी, की वडीलधारा माणूस दिसेनासा होईपर्यंत वाकून उभं राहायचं. आणि आमचे कर्टिस-सान निघाले त्यांच्या रीतीने, तोंड किमुराकडे, पाठ स्टेशनकडे. तो वाकलेला, हे सरकतायत, आणि दोघांपैकी कोणीही पाठ फिरवेना. अभिमानाने माझा ऊर असा भरून आला, जणू खो-खोची ढाल आम्हीच जिंकली होती.

मी "खांब!" म्हणायला हवं होतं. पण माझं लक्ष खांबाकडे नव्हतंच.

कर्टिस-सान दाणकन आदळले. टक्कल चोळलं, खांबाला वळसा घातला, नजर मात्र किमुराकडेच.

"त्सुगी," ते म्हणाले, आणि तसेच उलटे चालत राहिले.