दिगूनं टाकलेला तांदूळ

तांदूळ निवडायला बसलेला माणूस खडे टाकतो आणि तांदूळ ठेवतो, एवढं माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याला पण कळतं. माझा मेहुणा दिगंबर तांदूळच टाकायचा. एक दाणा चिमटीत धरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, दाणा डोळ्याजवळ नेऊन उजेडात फिरवायचा आणि "संशय आहे" म्हणून बाजूला टाकायचा. त्याच्यापुढं निवडलेल्याची एक मूठ आणि टाकलेल्याचा ढीग.

आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हेच. दिवाळी होऊन गेली होती, गिरणीतून नवा तांदूळ आणला होता. सकाळच्या उन्हात ओटीवर सूप घेऊन बसलो होतो. एका अंगाला माझी बायको सुलोचना तिच्या पाटावर, समोर तिचा धाकटा भाऊ दिगू, आणि मी खांबाला टेकून. मी निवडत नव्हतो, नुसता बोलत होतो. सुलोचना त्याचा ढीग बघून म्हणाली, "दिगू, असाच निवडत बसलास तर दुपारी ताटात काय संशय वाढू?"

"ताई, संशय आला की टाकायचा. आमच्यात नियमच आहे तसा."

ती हसली, पदरानं डोळे पुसले, सूप झटकलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवरनं आली, छातीत कळ येते म्हणाली, आणि महाडला न्यायला गाडी येईपर्यंत संपली.

मी रडगाणं सांगायला बसलेलो नाय. मला दिगूबद्दल सांगायचंय. तो या घरात राहत होता तो बहिणीसाठी. माझ्यासाठी कोण राहील? मी तोंडाचा फटकळ, हातचं खाण्यासारखं मला काय येत नाय. तेव्हा ती गेल्यावर दिगू राहतो की जातो, एवढंच काय ते ठरायचं होतं, आणि ते त्याला विचारायला माझी जीभ वळत नव्हती.

दिगू शास्त्रज्ञ. सुलोचनाचं माहेर उमरठकडचं. तिथल्या शाळेतनं हा पोरगा निघाला तो शिकत शिकत पार लडाखच्या बर्फात जाऊन पोचला. काम काय, तर गॅमा किरण पकडायचं. मला त्यानं इतक्या वेळा समजावलं की आता मी पण सांगू शकतो. आभाळात फार लांब, तारे फुटतात बितात तिथनं हे किरण निघतात. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि जमिनीवर पोचत पण नाहीत. वर हवेतच आपटून फुटतात. मग त्यांच्या फुटलेल्या कणांचा पाऊस होतो, आणि त्या पावसाचा निळसर उजेड खाली येतो. तो पण इतका थोडा वेळ की पापणी लवायच्या आत तसले किती होऊन जातील त्याला हिशेब नाय. तेवढा उजेड पकडायला लडाखला आरसेच आरसे जोडून घराएवढी परात उभी केलीय.

मी म्हटलं, "म्हणजे किरण वरच मेला. तू त्याच्या मागं राहिलेला उजेड मोजतोस."

"दाजी, अगदी बरोबर," म्हणाला, आणि आनंदानं दोन घास जास्त जेवला.

सुलोचनाला वेगळंच पडलेलं. तिनं एकदा त्याच्या डोक्याकडं बघितलं. केस असे, की माकडानं पेंढा उस्कटावा. म्हणाली, "एवढे आरसे होते रे तिथं, आणि भांग पाडायला एक पण उपयोगी पडला नाय?"

नोकरी संपल्यावर तो आमच्याकडं आला. लग्न केलेलं नव्हतं, का ते पुढं सांगतो. नोकरी संपली तरी काम संपलं नाय. जुन्या ऑफिसातली माणसं त्याला अजून परातीतली चित्रं पाठवतात आणि विचारतात, यातली खरी कुठली. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाय. ती वर कातळावर करवंदीच्या जाळीपाशी मिळते, ती पण उभं राहिलं तर. म्हणून हा लॅपटॉप खताच्या रिकाम्या गोणीत घालून डोंगर चढायचा, चित्रं उतरवून घ्यायचा आणि खाली ओटीवर येऊन निवडत बसायचा. गुराखी पोरांना वाटायचं, मोठे साहेब रोज युरिया घेऊन कातळावर कशाला जातात.

चित्रं मी बघितलीत. मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं, त्यातली काही पेटलेली. खऱ्या किरणाचा डाग कसा, तर बारीक, लांबट, नीटस, सगळा एका दिशेला तोंड केलेला. अगदी कोलमाचा दाणा. बाकीचा सगळा कचरा. आभाळातनं दुसरेच कण येऊन आपटतात, त्यांचे डाग फाटके, पसरट, इथं थोडा तिथं थोडा. हजारांनी कचरा बघावा तेव्हा एखादा दाणा खरा. सुलोचनानं मागनं डोकावून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे सरकारनं तुला जन्मभर पगार दिला तो पाखडायला." दिगूनं मान हलवली. तेव्हापासनं ती त्याला तांदूळ निवडायला घेऊन बसायला लागली. म्हणाली, सवय मोडायला नको.

कधी कधी पोळ्यात गोल कडं उमटायचं. सुलोचनाला ती फार आवडायची. कुणाची बांगडी पडली रे, म्हणायची. दिगू सांगायचा, ही टाकायची नसते, हिच्यावरनं आरसे साफ आहेत का ते कळतं.

आता हे निवडायचं काम कॉम्प्युटर पण करतो म्हणे. त्याला शिकवायला लागतं. ते कसं, तर आधी कॉम्प्युटरमधेच खोटे किरण बनवायचे, ते त्याला दाखवायचे आणि त्यावरनं खरे ओळखायला लावायचे. खोटं दाखवून खरं शिकवायची ही शाळा मला काय पटली नाय. मी तसं बोललो. दिगू म्हणाला, "दाजी, म्हणूनच मी अजून डोळ्यानं बघतो."

गावात त्याच्याबद्दल बरंच बोललं जायचं. त्याचा जन्माचा वैरी म्हणजे चंद्र. चंद्राच्या उजेडात तो निळा उजेड बुडतो, म्हणून यांचं काम अंधाऱ्या पंधरवड्यात चालायचं. लडाख सुटलं तरी राग सुटला नाय. कोजागिरीला सगळी वाडी मारुतीच्या पारावर दूध घेऊन बसायची, आणि हा चंद्राकडं पाठ करून दूध प्यायचा, शेजाऱ्याशी भांडण असल्यासारखा. उलट अमावस्या आली की दाढी करून धुतलेला सदरा घालायचा. दोन-तीन म्हाताऱ्यांनी सुलोचनाला बाजूला घेऊन विचारलं पण, तुझा भाऊ अंगारे-धुपारे करतो काय गो?

पाराजवळ मोठा दिवा बसवायचं ठरलं तेव्हा तर हा सरपंचाच्या दारात जाऊन उभा राहिला. सरपंच आमच्या नात्यातला, सभ्य माणूस. त्यानं शांतपणे विचारलं, "काका, तुमची दुर्बीण कुठं हाय?"

"लडाखला."

"मग आमचा दिवा तिकडं दिसतो काय?"

दुसरा कोण असता तर गप घरी आला असता. हा विचार करायला लागला. म्हणाला, बघून सांगतो. दिवा लागला, त्याच्या उजेडात पोरं पत्ते खेळायला लागली, याचं बघणं चालूच.

आता लग्नाचं. त्यासाठी दिगूचं दुसरं वेड सांगायला लागतं. "रिकामं बघितलं का?" हे त्याचं दुसरं वाक्य. यांच्या कामात म्हणे अशी रीत आहे, की परात ताऱ्याकडं जेवढा वेळ लावायची तेवढाच वेळ ती शेजारच्या रिकाम्या आभाळाकडं पण लावायची. रिकाम्यात पण डाग पडतातच. ते किती पडतात ते कळल्याशिवाय ताऱ्याचे किती ते सांगता येत नाय. नुसता विचार केला तर बरोबर वाटतं. पण हा माणूस ते सगळीकडं चालवायचा. वाण्याकडं गेला की आधी रिकामी पिशवी काट्यावर ठेव म्हणायचा. डॉक्टरनं गोळी दिली तर आधी तितकेच दिवस गोळी न घेता बघायचा, आणि तेवढ्यात बरा व्हायचा. एकदा सुलोचना म्हणाली, घरात काहीतरी जळल्याचा वास येतोय. हा वास घ्यायला अंगणात गेला, बाहेरचा वास आधी बघायला पाहिजे म्हणून. आत भाकरीचा कोळसा झाला.

तर ऐन उमेदीत महाडला याला मुलगी बघायला नेलं. मुलगी शिक्षिका, दिसायला चांगली, बाप शहाणा. कांदेपोहे झाले, चहा झाला, प्रश्न विचारून झाले. मुलगी आत गेली. आम्ही उठलो. हा उठेना. बापानं विचारलं, काही राहिलं काय? दिगू म्हणाला, "नाही, आता मला तेवढाच वेळ रिकामी खुर्ची बघायची आहे."

आणि बसला की हो. खरंच बसला. मुलीची आई दाराआड हसते की रडते ते कळेना. सुलोचना पदर तोंडात कोंबून भिंतीकडं बघत होती. मी मुलीच्या बापाबरोबर पावसापाण्याचं बोलून संपवलं, मग खतांचं, मग पुन्हा पावसाचं. परत येताना गाडीत मी त्याला फाडून खाल्लं. तो म्हणाला, "दाजी, मुलगी चांगलीच होती. खुर्ची रिकामी झाल्यावर खोली एकदम उतरली. मला ती पसंत आहे." अर्थात आम्ही दारातनं निघतानाच तिकडनं नकार आलेला होता. त्यानंतर त्यानं दुसरी मुलगी बघितली नाय.

सुलोचना गेल्यावर दिवस-कार्य झालं, पाहुणे पांगले. घरात आम्ही दोघं म्हातारे. सकाळी मी चहा करायचा, तो न बोलता प्यायचा, इतका वाईट चहा. मग तो ओटीवर जाऊन त्याच्या नेहमीच्या जागी बसायचा. समोर सुलोचनाचा पाट. सूप नाय, लॅपटॉप नाय. नुसता पाटाकडं तोंड करून. शेजारचे जाता-येता बघायचे आणि मला डोळ्यानं विचारायचे.

शेवटी मी विचारलं, "काय करतोस रे?"

"रिकामं बघतोय."

"ते कशाला आता?"

"त्याशिवाय ती किती होती ते कळणार नाही, दाजी."

मी गोठ्यात निघून गेलो. गोठ्यात काय काम नव्हतं.

मग एक दिवस तो कातळावरनं आला तो सांगत, की जुन्या ऑफिसातल्या माणसानं त्याच्यासाठी मुंबईला खोली बघितलीय. इंटरनेट आहे, खाली खाणावळ आहे. "तुम्हाला माझा त्रास किती दिवस?" म्हणाला. मी म्हटलं, जा. दुसरं काय म्हणणार? राहा म्हणायला तोंड लागतं, ते माझ्याकडं नाय. त्यानं महाडच्या रिक्षावाल्याला सकाळी वीर स्टेशनला सोडायला सांगून ठेवलं.

त्या संध्याकाळी तो आत पिशवी भरत होता आणि मी भाताला तांदूळ शोधत होतो. फळीवर दोन डबे होते. एकात आम्ही तिघं बसलो त्या दिवशी निवडलेला तांदूळ, एकात दिगूनं टाकलेला. मला एकदम राग आला. कशाचा ते सांगता येणार नाय. मी डबा घेऊन त्याच्यापुढं उभा राहिलो.

"जाताना एक ऐकून जा. तू टाकलेला तांदूळ तिनं कधी फेकला नाय. दुसऱ्या दिवशी तुझी पाठ वळली की दोन्ही एक करायची आणि शिजवायची, हा तेवढा राहिला. इतकी वर्षं तू तुझा संशयच गिळतोयस."

मला वाटलं, तोंड पडेल. तो पिशवीची चेन लावत होता ती अर्ध्यावर थांबली.

"माहीत आहे. टाकलेल्याचा डबा मी आधी रिकामा बघून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रिकामाच असायचा, आणि निवडलेल्याचा भरलेला."

"मग टाकत कशाला होतास?"

त्यानं चेन पुन्हा मागं ओढली. मग म्हणाला, "चांगला दाणा मला ओळखता येतो, दाजी. जन्मभर तेच केलं. पण लवकर निवडून झालं की ती उठून चुलीपाशी जायची."

रिक्षा लवकर येईल, झोप, मी म्हटलं. भात केला तो खाली लागला. दोघांनी खरवड काढून खाल्ली.

सकाळी रिक्षावाल्यानं वळणावर भोंगा वाजवला. दिगू सदरा घालून, पिशवी मांडीशी घेऊन ओटीवर पाटासमोर बसला होता. मी वळणापर्यंत चालत गेलो आणि रिक्षावाल्याला सांगितलं, साहेबांचं काम राहिलंय, तू जा. तो कुरकुरला आणि गेला. परत येऊन मी फळीवरचे दोन्ही डबे काढले. निवडलेला आणि टाकलेला, सगळा तांदूळ सुपात ओतला, हातानं चांगला एक केला आणि सूप दिगूपुढं ठेवलं. पाटाला हात लावला नाय.

त्यानं सुपाकडं बघितलं. वळणाकडं बघितलं, तिथं आता कोण नव्हतं. मग चष्मा कपाळावर चढवला, एक दाणा चिमटीत धरून उजेडात फिरवला आणि बाजूला टाकला.

मी खांब सोडला, सुपाजवळ सरकलो आणि निवडायला लागलो. सावकाश.