जॉर्जियाला जॉर्जिया काहून म्हणतात

चिंतामणराव सरांनी हौसेनं एका शब्दाची फोड करून दाखवली, आणि त्यापायी अपेक्षाचं विमान चुकायची वेळ आली.

अपेक्षा दोन वर्षं अमरावतीला गाडगेनगरात, सरांच्या घरी वरच्या खोलीत राहत होती. डॉक्टरकीसाठी तिला जॉर्जियात प्रवेश मिळाला. व्हिसा झाला, गुरुवारचं तिकीट निघालं. खोली रिकामी करायला तिचे आईवडील, पार्वताबाई आणि नत्थुजी, हिवरखेडहून आले. सरांच्या पत्नीनं, अनुपमाबाईंनी, सगळ्यांना पोहे दिले, चहा दिला. बशी खाली ठेवता ठेवता पार्वताबाईंनी सहज विचारलं, "सर, जॉर्जिया म्हंजे काय जी? नावाचा काई अर्थ असंन नं?"

तेहतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असं कुणी काही विचारत नाही. सर खुर्चीच्या टोकाशी सरकून बसले.

"मोठी गंमत आहे बरं का! जॉर्जिया हे आपण इंग्रजीतून घेतलेलं नाव. इराणी लोक त्याच देशाला गुर्जिस्तान म्हणतात. आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते याच्या मुळाशी जो जुना फारसी शब्द आहे, त्याचा अर्थ लांडगा! म्हणजे लांडग्यांचा देश!"

वर्गात एखादी अवघड संधी सोडवल्यावर मुलांकडे बघत, तसं त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. अनुपमाबाईंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता.

"लांडग्याइचा?" पार्वताबाई एवढंच म्हणाल्या. मग मुकाट्यानं सामान बांधलं आणि मुलीला घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी अपेक्षाचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"सर, आई म्हणते जायचं नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात लांडग्यानं मेंढीचं पिल्लू नेलं होतं, ते तिच्या डोक्यात बसलं आहे. शेजारच्या माणिकबाई सांगून राहिल्या का तिथं होस्टेलच्या अंगणात लांडगे फिरतात. बाबा माझ्या बाजूनं होते, ते पण आता गप्प आहेत."

"अगं, नुसतं नाव आहे ते. नाव कधी चावतं का?"

"हे तुम्ही आईले येऊन सांगा सर. आग तुम्हीच लावली आहे."

मंगळवारी सकाळी सर आणि अनुपमाबाई एसटीनं निघाले. "तुम्ही कमी बोला," अनुपमाबाईंनी अकोटपर्यंत तीनदा बजावलं. सरांनी तिन्ही वेळा मान हलवली.

नत्थुजींच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती. माणिकबाई आधीच येऊन बसल्या होत्या, आणि पार्वताबाई सुपात डाळ निवडत होत्या.

"हे पाहा," सरांनी सुरुवात केली, "लांडगा वगैरे सगळं इराण्यांचं. रशियन लोक त्याच देशाला ग्रुझिया म्हणतात. त्यात लांडगा कुठं ऐकू तरी येतो का?"

नत्थुजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजे एका देशाचे दोन नावं?"

"दोन कसली, चार-पाच तरी असतील!"

"सर, ज्याच्या आधार कार्डावर एक नाव अन् सातबाऱ्यावर दुसरं, त्याच्या घरी आमी पोरगी देत नाही. अन् इथं चार-पाच!"

अनुपमाबाईंनी घसा खाकरला. सरांना तो ऐकू आला नाही, कारण त्यांना नवा मुद्दा सुचला होता.

"बरं, तेही सोडा. काही जण म्हणतात, हे नाव संत जॉर्जवरून पडलं. फार पराक्रमी संत. अजगरासारखा एक भयंकर प्राणी होता, तो त्यानं भाल्यानं—"

"बाप्पा!" माणिकबाईंनी पदर तोंडावर धरला. "अजगर बी हायेत तिथं?"

"मारला हो त्यानं! मारला!"

"एक मारला. बाकीच्याइचं काय?"

अपेक्षा दाराला टेकून उभी होती. ती हळूच खाली बसली. तिची भरलेली बॅग तिच्या मागे दिसत होती. वरती रिबिनीची खूण बांधलेली. सरांना ती बॅग बघवेना. त्यांच्याकडे आता एकच अर्थ शिल्लक राहिला होता.

"ग्रीक भाषेत," ते म्हणाले, "याच्याशी जुळणारा एक शब्द आहे. त्याचा अर्थ जमीन कसणारा."

नत्थुजी ताठ झाले. "म्हंजे कास्तकार?"

"हो. कास्तकार."

"आता काय सांगता! कास्तकाराइचा देश!" नत्थुजींनी मांडीवर थाप मारली. "अवं, ऐकलं का? आपल्यासारखेच लोक हायेत ते!"

माणिकबाईंनीही पदर खाली घेतला. अपेक्षा उठून उभी राहिली. सगळं जमलं होतं. सरांनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते राहिलेही. पण पार्वताबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"सर, हे खरं हाय का?"

सरांनी अपेक्षाकडे पाहिलं. पोरीनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते. एक 'हो' म्हटलं की झालं. ते काही परीक्षेचा पेपर तपासत नव्हते. पण 'खरं का' असं विचारणाऱ्याला त्यांनी आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्यांची जीभ तिकडे वळेचना.

"नाही," ते हळूच म्हणाले. "शब्द तसा आहे, पण देशाचं नाव त्यावरून आलं असं जाणकार मानत नाहीत. लांडग्याचंच मत त्यांना जास्त पटतं."

अपेक्षानं कपाळावर हात मारला. अनुपमाबाईंनी डोळे मिटले.

"मंग तिथले लोक काय म्हनतात?" पार्वताबाईंनी विचारलं.

"कुठले?"

"तिथलेच. ज्याइचा देश हाय ते. तुमी इराण्याचं सांगतलं, रशियावाल्याचं सांगतलं. घरच्याइचं राह्यलंच की."

सर गडबडले. "ते? ते साकार्तवेलो म्हणतात. म्हणजे कार्तवेली लोकांची जागा."

"कार्तवेली म्हंजे?"

"ते लोक स्वतःला कार्तवेली म्हणवतात."

"म्हंजे आपली जागा. बस, एवढंच नं?" पार्वताबाईंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. "माह्या माहेरचं नाव जमुना. लग्नात इकडच्याइनं पार्वता ठेवलं. सासू माहेरच्या गावावरून दानापूरवाली म्हने. जेठानी मले मुकी म्हने, काहून का पह्यलं सालभर माह्या तोंडातून शब्दच नाही निंगाला. आता सांगा, मी मुकी हाय का?"

"छे बाप्पा!" माणिकबाई अगदी मनापासून म्हणाल्या.

"मुकी जेठानीच्या तोंडात होती. लांडगे बी तसेच इराण्याच्या तोंडातले. त्यात त्या देशाचा काय दोष?" मग त्या मुलीकडे वळल्या. "गुरुवारी जाय बाई. पन गेल्याबरोबर तिथल्या बायाइले इचार, तुमी सोताले काय म्हनता. अन् त्याच नावानं हाक मार."

नत्थुजी बराच वेळ जमिनीकडे बघत होते. "जमुना," ते पुटपुटले. "मले तं हे मालूमच नव्हतं का तुले आठवते म्हनून."

"तुमी कधी इचारलं?" पार्वताबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

परतीच्या गाडीत दोघांना खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर तुरीची शेतं मागे पळत होती. इतका वेळ गप्प असलेले सर अनुपमाबाईंनी अलीकडे पाहिले नव्हते.

अनुपमा हे नाव सरांनीच ठेवलं होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं होतं, आणि जिला उपमा नाही ती, असा विग्रहही तिथल्या तिथे सगळ्या वऱ्हाडाला ऐकवला होता. टाळ्या पडल्या होत्या. त्याला आता अडतीस वर्षं झाली.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तू मनातल्या मनात स्वतःला काय म्हणतेस?"

अनुपमाबाई बाहेर बघत राहिल्या. गाडीनं एक फाटा मागे टाकला.

"सिंधू," त्या म्हणाल्या. "अजून."

या एका शब्दावरून परक्यांच्या तोंडी आपल्या देशाची किती नावं झाली, हे सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. इराण्यांनी काय केलं, ग्रीकांनी काय केलं, सगळं त्यांच्या जिभेवर आलं. त्यांनी तोंड मिटलं.

मग थोड्या वेळानं त्यांनी हाक मारून पाहिली. "सिंधू."

"काय?" ती चटकन वळून म्हणाली.