ब्रेक आणि शेजारधर्म

बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोण्या मार्लिसने हिवाळाभर ऑरिनच्या मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला टेकवून ठेवल्या होत्या. एप्रिलच्या अखेरीस गोण्या हलल्या आणि ब्रेकची डिस्क पार विटकरी झालेली दिसली. बायकोवर ओरडावं, तर गोण्या गॅरेजमध्ये ठेव असं ऑरिननेच सांगितलं होतं. तेव्हा त्याने नुसताच नखाने गंज खरवडून पाहिला.

"गंजली का?" मार्लिसने दारातूनच विचारलं.

"थोडीशी."

"हे बघ, थंडीभर माझी कार बाहेर कुडकुडते आणि ही महाराणी आत. रविवारी चर्चला गाड्यांना आशीर्वाद द्यायचा कार्यक्रम आहे. तिथे धड गेली आणि धड परत आली तर ठेव. नाहीतर सोमवारी पाटी लावून रस्त्याकडेला उभी करायची. विकायला."

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात बायका आवाज चढवत नाहीत. त्यामुळे धमकी कुठली आणि हवापाण्याच्या गप्पा कुठल्या, हे नवऱ्याला चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. ऑरिनने ओळखलं. त्याची झोप उडाली. निवृत्त झाल्यावर त्याच्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी ही एकच गोष्ट उरली होती.

तो पॉलिश पेपर घेऊन डिस्क घासायला बसला. काम खरं तर चांगलं चाललं होतं. पण गॅरेजचं दार उघडं होतं. समोरचा व्हर्लिन हातात फवाऱ्याचा डबा घेऊन हजर झाला.

"घासतोस काय येड्यासारखा? हे मार. कसलाही गंज असो, निघालाच पाहिजे."

"नको रे, कशाला त्रास."

"त्रास कसला!"

"नको, खरंच. होतंय माझं."

आता त्या गावात दोनदा 'नको' म्हणणं ही निव्वळ रीत. ती पाळली नाही तर माणूस हावरट ठरतो. खरोखर नको असेल तर काय म्हणायचं, याची सोय मात्र कोणी करून ठेवलेली नाही. व्हर्लिनने मनापासून फवारा मारला. मागच्या डिस्कला गंज नव्हता, पण तिला वाईट वाटायला नको म्हणून तिच्यावरही मारला. फवारा तेलाचा होता. दोन्ही डिस्क आरशासारख्या चमकू लागल्या आणि गाडीचे दोन्ही ब्रेक गेले.

हे ऑरिनला कळलं ते गाडी अंगणाच्या उतारावरून मार्लिसच्या ट्यूलिपमध्ये शिरली तेव्हा.

"साबणाने धुऊ," व्हर्लिन म्हणाला. वरवर धुतलं. मग पुढचं चाक फिरवताना खर्र खर्र वाजू लागलं. व्हर्लिनने कान लावला. "डिस्क वाकडी आहे तुझी."

"पॅडमध्ये साबण अडकला असेल."

"अरे, वाकडीच आहे. ती लोखंडी टॉमी आण."

"नको रे, कशाला..."

एवढं ऑरिनच्या तोंडून जाईपर्यंत व्हर्लिनने टॉमी घालून डिस्कला झटका दिलासुद्धा. डिस्क आधी वाकडी नव्हती. आता झाली.

"कसं वाटतंय?" व्हर्लिनने घाम पुसत विचारलं.

"वेगळं वाटतंय जरा," ऑरिन म्हणाला. त्या गावात याहून जहरी शिवी नाही.

रविवारी चर्चच्या आवारात गाड्या ओळीने उभ्या होत्या. पास्टरबाई देवदाराची डहाळी बादलीत बुडवून एकेका गाडीवर पाणी शिंपडत होत्या. ऑरिनचा नंबर आला. त्याने ब्रेक दाबला. वाकड्या डिस्कने एकदा धरलं, एकदा सोडलं, आणि गाडी लंगड्या घोड्यासारखी उसळत पास्टरबाईंच्या पुढून निघून गेली. त्या कर्तव्याला पक्क्या. डहाळी घेऊन शेजारून धावू लागल्या.

"थांब ना, ऑरिन!"

"तोच प्रयत्न चाललाय, पास्टर!"

गाडी थांबली ती कॉफीच्या टेबलाला. कॉफीचं पिंप, रूबार्बच्या आंबटगोड वड्या आणि ऑरिन एकाच ठिकाणी आडवे झाले. कोणाला लागलं नाही. कोणी हसलंही नाही. सगळ्यांनी निमूटपणे वड्या वेचल्या. ऑरिनला वाटलं, एखाद्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी गाडी पाटीसकट रस्त्याकडेला उभी राहिली. ऑरिन खिडकीशी बसून होता. जेवला नाही. दुपारी व्हर्लिन आला आणि बूट न्याहाळत उभा राहिला.

"ते टॉमीचं... म्हणजे मी..." त्याने मान वर केली. "वारा फार सुटलाय, नाही?"

"फार."

"गाडी मी घेतो. पाटीवर आहे तेवढ्यालाच."

घासाघीस नाही, काही नाही. यापेक्षा स्पष्ट शब्दांत व्हर्लिनने जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. ऑरिनने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "वारा आहे खरा," तो म्हणाला.

व्हर्लिनला मोटरसायकल चालवता येत नव्हती. त्याच्या बायकोने त्याला हत्यारांना हात लावू दिला नाही आणि गाडी परस्पर तालुक्याच्या गॅरेजला धाडली. आठवड्याने ती नव्या डिस्क, नवे पॅड घालून परत आली.

"उभी राहून बॅटरी उतरेल रे," व्हर्लिनने रस्त्यापलीकडून हाक मारली. "जरा फिरवून आणत जा."

"नको रे, कशाला..." ऑरिन म्हणाला आणि म्हणता म्हणता रस्ता ओलांडलासुद्धा.

त्याने गाडी सुरू केली, तोच मार्लिस घरातून बाहेर आली. तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ते तिच्याकडे आहे, हेच ऑरिनला ठाऊक नव्हतं.

"तू? गाडीवर? इतकी वर्षं बोलावतोय, कधी आली नाहीस!"

"ब्रेकचं काम कोणी केलं?"

"गॅरेजवाल्याने."

"तू कशाला हात लावला नाहीस?"

"अजिबात नाही."

"नक्की?"

"अगं, गाडी माझी राहिली कुठे आता!"

"मग सरक पुढे," मार्लिस म्हणाली आणि त्याच्या मागे बसली.