त्र्यंबकराव सरनोबत व विहीणबाई यांच्या आकाशयुद्धाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, कुलस्वामिनी प्रसन्न, आणि हकीकत संपेतो वीज प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास. पुढे लिहिले ते कोणी खरे मानणार नाही, हे आम्ही प्रारंभीच लिहोन ठेवितो. आमचे नशीबच ऐसे की आम्ही दूध उतू चालले म्हणालो तरी घरची मंडळी आधी आमच्या तोंडाकडे पाहतात आणि मग गॅसकडे. तथापि जे डोळ्यांनी देखिले ते लिहिणे प्राप्त, आणि जे देखिले नाही तेही शोभेपुरते थोडे लिहिणे प्राप्त.

कोणे एके राज्यी, ज्याचे नाव लिहिण्याची मनाई आहे, श्रीमंत राज्य करीत होते. राज्य म्हणजे माडीवरचा दिवाणखाना, त्यात चार संगणक, चार खुर्च्या आणि एक लांबलचक सतरंजी. परंतु पडद्यांच्या आत आकाश ऐसे की त्यास अंत नाही, आणि त्या आकाशी जुन्या महायुद्धातली लढाऊ विमाने उडवावी, एकमेकांस पाडावे, आणि पडलेल्यांनीही चहास जिवंत हजर व्हावे, ऐसा या राज्याचा धर्म. प्रजा बहुतेक पेन्शनीतली. कोणाचा गुडघा चालेना, कोणाचा कान चालेना, परंतु हाती जॉयस्टिक आली की तेच लोक ढगांच्या अंगावर धावोन जात, आणि विमान वळले की खुर्चीत आपणही कलत, आणि आमच्यासारखे एखादे कलता कलता सतरंजीवर उतरत. चार खुर्च्यांत पहिली खुर्ची थोर. तिच्यापुढे मोठा पडदा, पायाशी पेडल, आणि मोहिमेचा हुकूम त्या खुर्चीचा. तीवर सरनोबत त्र्यंबकराव खासनीस बैसत. कचेरीतून निवृत्त जालियापासून त्यांचे कोणी ऐकेनासे जाले होते, घरी कुकरची शिट्टीही त्यांच्या हुकुमाने बंद होत नसे, परंतु या खुर्चीवरून त्यांनी "डावीकडे वळा" म्हटले की तीन विमाने निमूट डावीकडे वळत, आणि तेवढ्यावर त्यांचा आठवडा सुखाचा जात असे. आणि खुर्चीचा कायदा ऐसा की जो कोणी ती मागेल त्याने तबकातला विडा उचलावा, सरनोबतांशी एकट्याने लढावे, आणि जिंकेल त्याने बैसावे. विडा कैक महिने वाळत पडला होता. तो एके दिवशी द्वारकाबाई पानवलकरांनी उचलिला.

या बाई कोण म्हणाल, तर त्र्यंबकरावांची कन्या मृणाल ज्या घरी दिली त्या घरच्या सासूबाई, म्हणजे सरनोबतांच्या साक्षात विहीणबाई. पूर्वी शाळेत भूगोल शिकवीत असत. लेकाने संगणक घेतला आणि धूळ खात टाकिला, तेव्हा बाईंनी त्यावरची धूळ पुसली आणि मग दुपारी घर निजले की मेसरश्मिट विमान काढोन एकट्याच आकाश फिरू लागल्या, आणि मग माडीवर येऊन चौथ्या खुर्चीवर बैसू लागल्या. त्यांनी विडा उचलून तोंडात घातला, शांतपणे चावला, आणि सुपारी जरा जाड आहे इतकेच म्हणाल्या. दरबार थक्क जाहला. मृणालही तेथेच होती, ती लगबगीने उठली. तिने बापास जिन्यात गाठोन विनविले की बाबा, जरा सांभाळून घ्या, तुम्ही त्यांना पाडाल आणि आपल्या घरी जाल, पण त्यांच्या घरी राहायचे मला आहे. बापाने मान डोलाविली, आणि तिथेच घात जाहला.

मग युद्धाचा दिवस उगवला. सरनोबत स्पिटफायर विमानात आरूढ जाले, विहीणबाई मेसरश्मिटमध्ये, दोघांच्या कानी हेडफोन, आणि एकाचे बोलणे दुसऱ्यास स्पष्ट ऐकू यावे ऐसी योजना. दोन्ही विमाने समुद्रावर भिडली, आणि ऐसी चक्रे घेतली की पाहणाऱ्यांस मळमळ सुटली, श्रीमंतांनी आले-लिंबू मागविले, आणि मग सरनोबतांनी जुन्या कसबाने आपले विमान बाईंच्या पाठीमागे आणिले. शेपूट नेमात सापडले. बोट कळीवर. एक बार, की खेळ खलास. परंतु मुलीचा बाप तो मुलीचा बाप. साऱ्या जन्माची रीत की विहिणीचे ताट आधी, पाट आधी, पाठीमागून तिला हाकही मारू नये, तेथे गोळी कैसी मारावी. सरनोबतांच्या तोंडून शब्द गेले, "विहीणबाई, सांभाळा हं, मी मागून येतोय."

हे ऐकताच बाईंनी विमानाचे नाक खाली दाबिले आणि सुसाट सूर मारिला. सरनोबतांनीही गडबडीने तैसेच दाबिले. आणि त्या जुन्या स्पिटफायरचा स्वभाव ऐसा की नाक एकाएकी दाबिले तर इंजिनास पेट्रोल पोहोचत नाही, त्यास ठसका लागतो आणि क्षणभर ते मुके होते. मेसरश्मिटास हा रोग नाही. आधी विमान पाठीवर उलटे करावे आणि मग सूर मारावा, हा त्यावरचा उतारा नवशिक्यासही ठाऊक, परंतु सरनोबत अदबीच्या भरात विसरले. इंजिन ठसकले, विमान आकाशी लोंबत राहिले, आणि बाई वळसा घेऊन त्यांच्या मागे आल्या. आता बाईंनी पाडावे आणि खुर्ची घ्यावी. परंतु त्यांनी बार केला नाही. त्या सरळ तळावर गेल्या, चाके काढिली, विमान उतरविले, हेडफोन काढोन मांडीवर ठेविला, आणि सर्वांसमक्ष बोलल्या:

"व्याही, पंगतीत माझा मान ठेवा. पोळीवर तूप चार थेंब जास्त वाढा, मी नको म्हणणार नाही. पण इथे मी विहीण म्हणून बसले नाहीये. तुम्ही असं सांगून-सवरून मागून येणार, आणि मी जिंकले तर लोक म्हणणार, खासनिसांनी सोडलं. ती खुर्ची घेऊन मी काय करू, वाळवण घालू?"

सरनोबत लाल जाले, मग पांढरे जाले, आणि मग मृणालकडे वळोन म्हणाले की बाळ, तू खाली जाऊन चहाचे पाहा. मृणाल गेली, पण जिन्यातच थांबली. मग दुसरे युद्ध जाहले. या खेपेस कानी अवाक्षर नाही, केवळ इंजिनांची घरघर. बाईंनी पुन्हा सूर मारिला. सरनोबतांनी या खेपेस विमान आधी उलटे केले, आणि तमाम दरबार माना वाकड्या करून उलटा जाहला, आणि मग ते विजेसारखे खाली झेपावले. काय वर्णावे. लाटांचे तुषार पंखांवर, माशांनी डोकी वर काढिलेली, एक खलाशी नावेतून टोपी हलवितो आहे, ऐशात सरनोबतांनी नेम धरिला आणि बार केला, आणि मेसरश्मिट फिरत फिरत समुद्री कोसळले, आणि पाणी ऐसे उसळले की पडद्याबाहेर येऊन श्रीमंतांची सतरंजी चिंब भिजली, आणि सरनोबत विजयी होऊन पहिल्या खुर्चीवर—

ही बखर आम्ही भर दरबारी वाचीत होतो. मासे निघाले, खलाशी निघाला, सतरंजी भिजली, तेथवर कोणी हूं की चूं केले नाही. परंतु विजय म्हणताच त्र्यंबकराव उठोन उभे राहिले.

"थांबा. हे खोटं आहे," ते म्हणाले. "उलटा होऊन सूर मारला एवढं खरं. खाली जाऊन बघतो तर पुढे कोणीच नाही. विहीणबाई उन्हाच्या बाजूने वळून मागे आल्या आणि माझा पंख तोडला. तोडण्याआधी एक शब्द बोलल्या नाहीत. आयुष्यात मला इतका मान कोणी दिला नव्हता. खुर्ची मी रीत म्हणून सोडलेली नाही, मार खाऊन सोडली आहे. तसं लिहा."

आम्ही म्हणालो की आम्ही आपले तुमच्या बाजूने लिहिले. त्यावर द्वारकाबाईंनी चष्मा नाकावर चढविला आणि म्हणाल्या, "डावा पंख. तेही लिहा."

मग लेखणी थांबविणे प्राप्त जाहले. सारांश इतकाच की फत्ते द्वारकाबाईंची, शिकस्त त्र्यंबकरावांची, पंख डावा. हल्ली बाई म्हणतात "डावीकडे वळा", आणि तीन विमाने वळतात, त्यात सर्वांआधी त्र्यंबकरावांचे. सतरंजी मात्र भिजली होती, त्यावर आम्ही ठाम आहो.