विसोबा ढोक आणि दोन लव्हाळे

एका जंगलात एक तळे होते. जंगल म्हटले की राजा सिंह असायचा, तसा तो इथेही होता. पण बाळांनो, आपली गोष्ट सिंहाची नाही. तळ्याकाठी राहणाऱ्या विसोबा ढोकाची आहे.

ढोक म्हणजे बगळ्याचा थोराड भाऊ. बाकीचे ढोक एका पायावर उभे राहून मासे बघत. विसोबा लव्हाळे बघे. तळ्याच्या कडेने लव्हाळ्यांचे हिरवे, गोल दांडे दाट माजले होते. सगळ्यांना ते एकच गवत वाटे. विसोबाने मात्र उभी हयात घालवून शोधले होते की त्यात दोन जाती आहेत. दांडा चिरला की एकात पांढरे भेंड, म्हणजे आतला मऊ गाभा, सलग भरलेले असे. दुसऱ्यात ते तुटक, शिडीच्या पायऱ्यांसारखे. बाहेरून दोघांत काडीचाही फरक नाही.

हे त्याने सगळ्यांना सांगून पाहिले. बेडूक मधेच उडी मारून निघून गेले. म्हशीने शेवटपर्यंत ऐकले आणि मग दोन्ही जाती खाल्ल्या. चिमाक्का पाणकोंबडी तेवढी रोज ऐके. तिचे घरटे लव्हाळ्यात होते, आणि अंड्यांवरून उठायची तिला सोय नव्हती.

अशात राणीसाहेबांच्या अंगाला खाज सुटली.

राणीसाहेबांना गोचिडी झाल्या आहेत, हे साऱ्या दरबाराला दिसत होते. तसे बोलून दाखवणाऱ्याचे काय होईल, हेही दिसत होते. म्हणून दोष गादीवर गेला. गादी लव्हाळ्याची होती. लव्हाळ्यात भेसळ तर नाही ना, अशी शंका तरस प्रधानांनी काढली, तेव्हा कोणाला तरी विसोबाची आठवण झाली.

विसोबाला दरबारात बोलावणे आले. त्याने पिसे साफ केली, मान ताठ केली आणि दोन्ही जातींबद्दल सगळे सांगितले. मधेच उठून कोणी गेले नाही. राजा तर दोनदा मान हलवून जागा झाला. विसोबाचे डोळे भरून आले.

मग प्रधानांनी विचारले, "यातल्या कोणत्या लव्हाळ्याने खाज येते?"

कोणत्याच नाही, हे विसोबाला पक्के माहीत होते. पण तसे म्हटले असते तर त्याला लगेच घरी पाठवले असते. त्याने घसा खाकरला.

"तुटक भेंडाच्या बाबतीत," तो म्हणाला, "शक्यता नाकारता येत नाही."

तुटक भेंडाचा लव्हाळा उपटून टाकायचा हुकूम सुटला. तो ओळखायचा कसा, असे राजाने विचारले. चिरून, असे विसोबाने सांगितले. मग सगळा चिरा, असे राजा म्हणाला आणि पुन्हा झोपला.

रानडुकरे आली. सुळ्यांनी दांडे उभे चिरत, तुडवत ती तळ्याभोवती फिरू लागली. विसोबा मागून हिंडत प्रत्येक दांड्याची जात सांगत होता. त्याला भूक लागली तरी समजत नव्हते.

डुकरे चिमाक्काच्या घरट्याभोवतीच्या लव्हाळ्याच्या बेटाशी पोहोचली. ती उठली नाही.

"भावजी," ती म्हणाली, "माझ्याभोवतीचा तेवढा राहू द्या म्हणावं यांना. पिल्लं आता बाहेर यायचीच आहेत."

विसोबा पुढे झाला. तो डुकरांच्या म्होरक्याला म्हणाला की एवढे बेट सोडून द्यावे, इथला लव्हाळा बहुतेक चांगला असावा.

"बहुतेक?" म्होरक्या म्हणाला. "न चिरता ओळखता येतो का?"

येतो, एवढेच म्हणायचे होते. विसोबाने चिमाक्काकडे पाहिले. मग आपल्या साऱ्या हयातीच्या अभ्यासाकडे पाहिले.

"नाही," तो म्हणाला. "चिरल्याशिवाय सांगता येत नाही."

त्या बेटातला लव्हाळा सगळाच्या सगळा सलग भेंडाचा निघाला. चांगल्या जातीचा. अंडी डुकरांनी खाल्ली. ती कोणत्या जातीची होती, ते कोणी तपासले नाही.

चिमाक्का उडून गेली. आडोसा गेला म्हणून बेडूक गेले, मासे संपले. उघडे पडलेले तळे उन्हाने आटून चिखल झाला. राणीसाहेब अजून खाजवतच होत्या. दरबाराने मात्र विसोबाला कमळाचे पान पांघरवून 'लव्हाळभूषण' केले, कारण जात न ओळखलेला एकही लव्हाळा आता राज्यात उरला नव्हता.

विसोबा ते पान पांघरून चिखलात उपाशी उभा राही. चिमाक्काचे घरटे होते त्या बाजूला तो तोंड करीत नसे.

एके दिवशी तरस प्रधान स्वतः आले. म्हणाले, राणीसाहेब हल्ली चिखलात लोळतात, तरी खाज जात नाही. हा चिखल एकच आहे की यातही दोन जाती आहेत?

विसोबाने खाली पाहिले. चोचीने थोडा चिखल उचलला आणि उन्हात धरला. त्याची मान हळूहळू ताठ झाली.

"वरवर सारखाच दिसतो," तो म्हणाला.

तात्पर्य: बाळांनो, ज्ञान कधीच वाया जात नाही. तळे जाते.